विश्लेषण : रझांच्या बिंदूत जंगल कुठून आले? पोंभुर्ण्यातल्या चित्रकलेच्या तासाशी त्याचा संबंध काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या एका लिलावात सय्यद हैदर रझा यांचे ‘जेस्टेशन’ हे १९८९ सालचे चित्र ५१ कोटी ७५ लाख रुपयांना विकले गेले. भारतीय चित्राला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वांत मोठी किंमत होती. चित्रात झाड नाही, नदी नाही, माणूस नाही. आहेत ती वर्तुळे, त्रिकोण, चौकोन, रंगांचे पट्टे आणि एक काळा गोल. अशी बातमी आली की खाली एक प्रतिक्रिया ठरलेली असते : हे तर आमच्या घरातले पोरही काढेल!

पण त्या काळ्या गोलाला पत्ता आहे. तो पॅरिसचा नाही, मुंबईचाही नाही. तो मध्य भारताच्या जंगलातल्या एका खेड्यातील शाळेचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यात राहणाऱ्याला तो पत्ता फारसा परका वाटू नये. अमूर्त चित्राला गाव असते का, प्रवासाने ते पुसले जाते की अधिक ठळक होते आणि हा प्रवास नेमका कोणाच्या वाट्याला येतो, याचा हा वेध.

अमूर्त चित्र म्हणजे काय?

समोर दिसणारी वस्तू ओळखू येईल अशी न काढता रंग, रेषा, आकार आणि पोत यांच्यातूनच चित्र उभे करणे, ही अमूर्त चित्राची ढोबळ ओळख. गाण्याशी तुलना केली तर हे चटकन कळते. सतारीवर वाजणारा मल्हार पावसाचा आवाज काढत नाही, तरी ऐकणाऱ्याला पाऊस जाणवतो. अमूर्त चित्रही असेच काहीसे करते. त्यात जंगलाचे चित्र नसते, पण जंगलात राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांना लागलेली सवय असू शकते. काळोख किती दाट असतो, त्यात एखादा उजेड कसा उठून दिसतो, पिवळा किती तापलेला असतो, हे सगळे त्या सवयीत येते.

म्हणूनच ‘हे कशाचे चित्र आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘हा डोळा कुठे तयार झाला?’ हा प्रश्न इथे जास्त उपयोगी पडतो.

रझांचा डोळा कुठे तयार झाला?

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी तेव्हाच्या मध्य प्रांतातील बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात उपवनपाल होते. त्यामुळे बालपण गेले ते मंडला परिसरातील जंगलात, नर्मदेच्या खोऱ्यात. ककैया या खेड्यातील शाळेत नंदलाल झारिया नावाचे शिक्षक होते. मुलाचे लक्ष एका जागी टिकत नाही, हे पाहून त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. हा प्रसंग रझांनी पुढे आयुष्यभर सांगितला. त्यांच्या चित्रांतला बिंदू तो हाच.

दुसरी आठवण भीतीची होती. रात्रीच्या जंगलाची भीती आणि तितकीच ओढ, ही आपली सर्वांत चिवट आठवण असल्याचे ते सांगत. गोंडांचे नाच रंगले की ती भीती तेवढ्यापुरती सरायची. उजाडले, बाजार भरला, रंग दिसले की जीवात जीव यायचा. काळा आणि त्याच्याशेजारी लाल, पिवळा, केशरी ही रझांची रंगांची जोडणी चित्रकलेच्या पुस्तकातून येण्याआधी दिवस-रात्रीच्या या फेऱ्यातून आली असावी, असे मानायला म्हणूनच जागा आहे.

मंडला आणि चंद्रपूर यांना जोडणारे धागेही बरेच आहेत. तेव्हा दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. दोन्हीकडे गोंड राजवटी नांदल्या. एक गढा-मंडल्याची, दुसरी चांद्याची. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या मधून वाहणारी वैनगंगा उगम पावते ती सिवनी जिल्ह्यात, म्हणजे मंडल्याच्या शेजारीच. रझांचे जंगल पोंभुर्ण्यापासून दूर असले, तरी अनोळखी नाही.

प्रवासाने काय दिले?

रझा १९३९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी नागपूरच्या कला शाळेत आले. तिथून १९४३ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन यांच्याबरोबर ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’मध्ये. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले. तिथे फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि एक उणीव दाखवली. रंग आहेत, पण बांधणी कमी आहे. सेझानचा अभ्यास करा, असा तो सल्ला होता. १९५० मध्ये फ्रान्स सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला पोहोचले.

तिथली सुरुवातीची चित्रे पाहिली तर जागा लगेच ओळखू येते. १९५१ च्या ‘ओ द कान्य’मध्ये दक्षिण फ्रान्समधील टेकडीवरच्या गावाची घरे आहेत, मात्र ती भूमितीत बसवलेली. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगरफ्रेंच चित्रकार. १९६२ मध्ये ते शिकवण्यासाठी अमेरिकेत, बर्कलेला गेले. तिथे मार्क रॉथ्को यांची चित्रे पाहिली. नुसत्या रंगाच्या पसरट थरांतून भाव उभा करता येतो, याची त्यांना खात्री पटली. याच दशकात ते तैलरंगांकडून अॅक्रिलिककडे वळले. हा बदल केवळ साहित्याचा नाही. तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस घेतो. अॅक्रिलिक काही मिनिटांत वाळते. त्यामुळे थरावर थर झपाट्याने देता येतात आणि दोन रंगांमधली कड स्वच्छ ठेवता येते. पुढच्या काळातील त्यांची भूमिती या सोयीवर उभी आहे.

म्हणजे प्रवासाने रझांना विषय दिला नाही. विषय त्यांच्याकडे होताच. प्रवासाने दिली ती बांधणी, साहित्य आणि तुलना करण्याची संधी.

मग जंगल परत कधी आले?

इथेच ही गोष्ट नेहमीच्या यशकथेपेक्षा वेगळी होते. नाव झाले, पुरस्कार मिळाला, चित्रे विकली जाऊ लागली, तरी रझा स्वतःच्या कामावर समाधानी नव्हते. आपली चित्रे उत्तम फ्रेंच चित्रे आहेत, पण त्यांत आपण कुठे आहोत, अशी ती बेचैनी होती. १९७० च्या दशकात त्यांनी भारताच्या फेऱ्या वाढवल्या. अजिंठा, वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान पाहिले. १९७२ च्या चित्राचे नाव ‘तपोवन’ आहे. याच सुमाराची ‘ला तेर’ म्हणजे ‘भूमी’ ही मालिका काळ्या-तांबड्या रंगांत रात्रीच्या जंगलासारखी धुमसते. १९८० च्या आसपास बिंदू चित्राच्या मध्यभागी येऊन बसला, तो कायमचा. १९८१ च्या ‘मा’ या चित्रावर तर अशोक वाजपेयी यांच्या हिंदी कवितेची ओळ नागरी लिपीत लिहिलेली आहे. चित्रकार राहत होता पॅरिसमध्ये.

ठिपका भिंतीवर काढला गेला तेव्हा रझा शाळकरी होते. तो कॅनव्हासवर आला तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते. मधली पन्नासेक वर्षे आणि हजारो किलोमीटर हे त्या चित्राचे खरे साहित्य आहे. जागा माणसाला घडवते ती तिथे राहताना. ती त्याला दिसते मात्र दूर गेल्यावर. रझांनी सहा दशके फ्रान्समध्ये काढली, पण भारतीय नागरिकत्व सोडले नाही. २०१० च्या अखेरीस ते दिल्लीला परतले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार दफन झाले ते मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी.

प्रत्येक अमूर्त चित्रात गाव शोधावे का?

नाही. तसा हट्ट धरला तर चित्र पाहणे म्हणजे कोडे सोडवणे होईल. वासुदेव गायतोंडे यांचेच उदाहरण घ्या. कुटुंब मूळचे गोव्याचे, जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, शिक्षण आणि उमेदीची वर्षे मुंबईत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७२ पासून दिल्ली. स्वतःच्या चित्रांना ते ‘अमूर्त’ म्हणू देत नसत. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना जवळचा होता. त्यांना खुणावत होती ती झेन विचारातील शांतता. तरीही १९६० च्या दशकातील त्यांच्या चित्रांत क्षितिजासारखी आडवी रेघ वारंवार दिसते. त्या काळात ते मुंबईत समुद्राजवळच्या भुलाभाई देसाई संस्थेत काम करत होते, हे कळले की ती रेघ थोडी वेगळी वाटते. पण चित्र तेवढ्यावर संपत नाही. जागा हा चित्राचा अर्थ नव्हे. त्या अर्थाकडे जाणाऱ्या अनेक दारांपैकी एक आहे.

प्रभाकर बरवे यांची वाट तिसरीच. जन्म रायगड जिल्ह्यातील नागावचा. १९६१ ते १९६५ या काळात नोकरीच्या निमित्ताने बनारसच्या विणकर सेवा केंद्रात राहिले. तिथे तंत्रपरंपरेतील चिन्हे त्यांच्या चित्रांत शिरली. पुढे ती मागे पडली आणि साध्या वस्तू व मोकळा अवकाश उरला. चित्रकाराचा प्रवास म्हणजे पॅरिसच असे नाही, बदलीची नोकरीही पुरते, हे बरव्यांकडे पाहून कळते. विदर्भाचेच आंबादास खोब्रागडे हेही १९२२ चे, म्हणजे रझांच्याच वयाचे. जन्म अकोल्याचा, पुढे नॉर्वेत स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये ऑस्लोत त्यांचे निधन झाले. त्यांनी आयुष्यभर अमूर्त चित्रे काढली, पण अकोल्यात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? गाव चित्रकाराला विसरले तर चित्रातले गाव ओळखणार कोण, हा प्रश्न उरतोच.

त्याच मंडल्यातून पॅरिसला गेलेला दुसरा चित्रकार कोण?

या विषयाची अवघड बाजू जनगढ सिंह श्याम यांच्या आयुष्यात दिसते. तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील, आताच्या दिंडोरीतील पाटनगढ हे त्यांचे गाव. ते परधान गोंड समाजातले. बाणा हे तंतुवाद्य वाजवत देवदेवतांच्या आणि वंशाच्या कथा गाणे, हे या समाजाचे परंपरागत काम. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणण्यात आले. तिथे त्यांनी कागद, कॅनव्हास, ठशांची छपाई असे सगळे हाताळले. ठिपके आणि बारीक रेघा यांनी भरलेल्या आकारांची एक नवी शैली घडवली. १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची चित्रे होती.

एकाच जिल्ह्यातील दोघे, दोघांच्या चित्रांत ठिपका, दोघेही पॅरिसपर्यंत पोहोचलेले. पण एकाच्या ठिपक्याला ‘आधुनिक’ म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या ठिपक्याला ‘आदिवासी’. एकाला तत्त्वज्ञ मानले, दुसऱ्याला परंपरेचा वारसदार. वास्तविक जनगढ यांनी जे केले ते परंपरेत जसेच्या तसे नव्हतेच. गाण्यातली कथा त्यांनी चित्रात आणली. हा शोध होता आणि तो गाव सोडल्यावरच लागला. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करत असताना, घरापासून दूर, वयाच्या चाळिशीत त्यांनी जीवन संपवले. त्यानंतर भारतातील चित्रकारांनी अशा मुक्कामांच्या अटींबद्दल जाहीर प्रश्न विचारले.

प्रवास कलावंताला घडवतो, हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. शिष्यवृत्ती घेऊन, परतीची तारीख आपल्या हातात ठेवून केलेला प्रवास वेगळा. कोणीतरी बोलावले, काम नेमून दिले, भाषा परकी आणि परतणे दुसऱ्याच्या मर्जीवर, असा प्रवास वेगळा. दोघांच्या नकाशावरची रेघ सारखीच दिसते.

पोंभुर्ण्याचा यात काय संबंध?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याची चित्रे आज भरपूर निघतात, पण ती बहुतेक बाहेरून आलेल्यांची असतात. ताडोब्याच्या जिप्सीतून टिपलेला वाघ, कोळसा खाणीचा खड्डा, नक्षलवादाच्या बातमीसोबतचे छायाचित्र. इथे राहणाऱ्याला जे रोज दिसते ते यात सहसा नसते. मामा तलावाचे शांत पाणी आणि पलीकडे धानाच्या बांध्यांचे चौकोन. उन्हात ओळीने मांडलेले तेंदूपत्त्याचे पुडे, प्रत्येकात मोजून ७० पाने. बांबूच्या काड्यांची आडवी-उभी वीण. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखाली जाळून काळी केलेली जमीन आणि तिच्यावर पडलेली पिवळसर फुले. वाघाच्या भीतीने संध्याकाळी लवकर मिटणारी गावे. रझांची भीती आठवणीतली होती, इथली आजची आहे.

यातल्या प्रत्येक गोष्टीत आकार आहे, लय आहे, रंगांचा ताण आहे. अमूर्त चित्राला लागतो तो कच्चा माल हाच. तरीही चित्रकलेच्या वहीत निसर्गचित्र काढा म्हटले की राज्यभर एकच चित्र निघते. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू घर आणि नारळाचे झाड. धानाच्या पट्ट्यातले मूल नारळ काढते, कारण चित्रातले झाड म्हणजे नारळ असे त्याला कळलेले असते. आपल्या भोवतालाचे चित्र होऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ते सांगणारा माणूस शाळेत असतोच असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती विद्यार्थीसंख्या शंभरावर असेल तरच. जंगलातल्या गावांत या वर्गांचा पट शंभराच्या आत राहणे ही नेहमीची गोष्ट. म्हणजे ज्या शाळांच्या खिडकीतून जंगल दिसते, नेमक्या त्याच शाळा या अटीतून गळतात. ककैयासारख्या लहान खेड्यातल्या शाळेची गोष्ट सांगताना आपण भारावून जातो आणि तशाच शाळांना कला शिक्षक देण्याचे बंधन मात्र ठेवत नाही.

मग करायचे काय?

पोंभुर्ण्यातून दुसरे रझा घडवा, अशी अपेक्षा धरणे चूक ठरेल. त्या वाटेवर गुणवत्तेइतकेच योगही होते. पण तीन गोष्टी आवाक्यातल्या आहेत.

पहिली, कला निदेशकाची पटाची अट. एका शाळेचा पट कमी असेल तर केंद्रातील चार-पाच शाळा मिळून एक निदेशक देता येईल. त्यासाठी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही.

दुसरी, जाण्याची सोय. शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपूरला आहे. चंद्रपूरहून ते सुमारे दीडशे किलोमीटर. पोंभुर्ण्याहून आधी चंद्रपूर गाठावे लागते. प्रवेश मिळाला तरी वसतिगृह, रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च शेतमजुराच्या घराला पेलत नाही. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलासाठी कर्ज काढायला घर तयार होते, कारण पुढे नोकरी दिसते. चित्रकलेसाठी तसे कोणी करत नाही आणि त्यात घरच्यांचा दोष नाही. तिथे शिष्यवृत्तीच लागते. रझांनाही ती लागली होती.

तिसरी, परतण्याची सोय. बाहेर शिकून आलेल्याचे चित्र पाहायला गावाजवळ भिंत हवी. प्रदर्शन नागपूर-मुंबईतच भरणार असेल तर गावाने चित्र पाहायचे कधी आणि त्यात स्वतःला ओळखायचे कधी? तालुक्याच्या वाचनालयाची किंवा पंचायतीच्या सभागृहाची एक भिंत त्यासाठी पुरेल. आणि इथल्या परधान, गोंड किंवा बांबूकाम करणाऱ्या कारागिराला बाहेर बोलावले जाईल तेव्हा मोबदला, मुक्काम आणि परतीची तारीख त्याला कळणाऱ्या भाषेत लिहून द्यायला हवी. जनगढ यांच्यानंतर ही गोष्ट ऐच्छिक राहायला नको होती.

राज्यातील शाळकरी मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्र असते आणि भूमितीही असते. दहावीच्या वाढीव गुणांसाठी हे घोटून पाठ केले जाते. पण रझांचे मोठे काम पाहिले तर ते याच दोन गोष्टींचे मिळून झालेले आहे. आठवण आणि भूमिती. स्मरणचित्राला विषय काय द्यायचा, एवढे जरी शिक्षकाने बदलले आणि ‘बाजारातील दृश्य’ याऐवजी ‘काल रात्री घरी जाताना रस्ता कसा दिसला’ असे विचारले, तरी सुरुवात होईल. वहीत नारळ येणार नाही. जे येईल ते कदाचित ओळखू येणार नाही, पण ते पोंभुर्ण्याचे असेल.